नवे पिल्लू आणि घरातली जुनी मांजर
पिल्लू आणल्याबरोबर जुन्या मांजरीसमोर नेऊन ठेवण्याची घाई करू नका. सुरुवातीला सर्रास होणारी चूक हीच आहे. पशुवैद्याकडून तपासून घेतल्यावर त्याला काही दिवस वेगळ्या खोलीत, स्वतंत्र वाडगे आणि लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूसाठीचा ट्रे) देऊन ठेवा. मांजर नाकाने ओळख करून घेते, म्हणून पिल्लाच्या गालांवरून फिरवलेले फडके जुनीच्या वाडग्यापासून थोड्या अंतरावर ठेवा; ते हुंगूनही ती निवांतपणे खाऊ लागली, की दार बोटभर किलकिले करण्यास हरकत नाही. ती फिसकारली तर मुळीच रागावू नका, कारण ‘दूर राहा’ एवढेच तिला सांगायचे असते. मात्र कान मागे पाडून, टक लावून ती दबा धरू लागली, तर दार लगेच लावून घ्या. लाड आधी जुनीचेच करा.