‘दे स्टोल द बँक’ला काट का पडते? वाचकांचे इंग्रजीचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, परीक्षेसाठी क्राइमवालं युनिट रिव्हाइज करतेय. डिक्शनरीत स्टील आणि रॉब दोन्हीचा अर्थ चोरणे असाच दिलाय, मग ‘दे स्टोल द बँक’ला सरांनी काट का मारली? आणि अक्यूज, चार्ज, ब्लेम यांच्यापुढे कधी ऑफ, कधी विथ, कधी फॉर, हे सगळं घोकायचंच का?

उत्तर : काट बरोबरच आहे गं, कारण त्या वाक्यात चोरांनी अख्खी बँकच उचलून नेलीये! स्टीलच्या पुढे चोरलेली वस्तू येते, रॉबच्या पुढे ज्याला लुटलं तो माणूस नाहीतर ती जागा. म्हणून ‘दे रॉब्ड द बँक’ पण ‘दे स्टोल मनी फ्रॉम द बँक’. आणि पाकीट गेलं की बरेच जण ‘आय वॉज स्टोलन’ लिहितात, म्हणजे पाकीट राहिलं बाजूला आणि चोरीला गेलात तुम्ही. ‘माय वॉलेट वॉज स्टोलन’ लिही, किंवा ‘आय हॅड माय वॉलेट स्टोलन’, हे दुसरं परीक्षेत हमखास विचारतात. कुलूप तोडून किंवा गुपचूप घरात शिरून चोरी केली तर बर्गलरी, आणि गिऱ्हाईक म्हणून दुकानात जाऊन माल ढापला तर शॉपलिफ्टिंग.

आता ऑफ, विथ, फॉरचं. नुसती यादी घोकलीस तर पेपरात सगळं एकमेकांत मिसळणार, त्यापेक्षा एकाच माणसाची केस डोक्यात पुढे सरकवत ने. आधी त्याच्यावर संशय येतो, सस्पेक्टेड ऑफ. शेजारी थेट आरोप करतात, अक्यूज्ड ऑफ (‘अक्यूज्ड ऑन हिम’ नाही, ते ‘त्याच्यावर’ आपल्या मराठीतून घुसतं). मग पोलीस धरतात, अरेस्टेड फॉर. रीतसर गुन्हा लागतो तेव्हा मात्र चार्ज्ड विथ, सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. कोर्टात दोषी ठरला तर कन्व्हिक्टेड ऑफ, सुटला तर अक्विटेड ऑफ, आणि शिक्षा झाली की ‘सेंटेन्स्ड टू थ्री इयर्स इन प्रिझन’. ऑफ किंवा फॉरच्या पुढे क्रियापद आलं तर ते आयएनजीवालंच, ‘अक्यूज्ड ऑफ स्टीलिंग’. ब्लेम कोर्टाबाहेरही रोज लागतो आणि तो दोन्हीकडून चालतो, ‘ब्लेम्ड हिम फॉर द मिस्टेक’ किंवा ‘ब्लेम्ड द मिस्टेक ऑन हिम’.

प्रश्न : ‘ही डिनाइड टू आन्सर’ हे चूक कसं? नाकारलं म्हणजे डिनाय ना?

उत्तर : मराठीत आरोपही नाकारतात आणि काम करायलाही नकार देतात, त्यामुळे हा घोळ होतो. ‘मी केलंच नाही’ म्हणायचं असेल तर डिनाय, ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’. ‘मी करणार नाही’ असेल तर रिफ्यूज, म्हणून तुमचं वाक्य ‘ही रिफ्यूज्ड टू आन्सर’. गुन्हा कबूल केला तर ‘ही अ‍ॅडमिटेड टेकिंग इट’, आणि कन्फेस वापरलात तर ‘कन्फेस्ड टू टेकिंग इट’. इथे टू बघून टेक लिहायचा मोह होतोच, पण हा टू ऑफ-फॉरसारखाच प्रीपोझिशन आहे, म्हणून पुढे टेकिंगच.

प्रश्न : प्रामाणिकपणा आणि जबाबदारीवर निबंध आहे. नेहमीच्या चुका सांगाल का?

उत्तर : पहिली म्हणजे ‘स्पीक अ लाय’, खोट्याला टेलच लागतो, टेल अ लाय. खऱ्याला मात्र टेल द ट्रूथ आणि स्पीक द ट्रूथ दोन्ही चालतात. ऑनेस्टमधला एच मुका आहे म्हणून अ‍ॅन ऑनेस्ट मॅन. उलटे शब्द करताना सगळ्यांना अन लावू नका, डिसऑनेस्ट, इरिस्पॉन्सिबल, इल्लीगल असे होतात. रिस्पॉन्सिबलच्या पुढे काम आलं तर फॉर, ज्याला उत्तर द्यायचं तो माणूस आला तर टू. ‘तेव्हाच खरं सांगायला हवं होतं’ हे ‘यू शुड हॅव टोल्ड द ट्रूथ’, त्यात हॅव गाळला की घडून गेलेल्या गोष्टीचा अर्थच जातो. पोलीस नेहमी आर, इज कधीच नाही, एव्हिडन्सला एस लागत नाही, आणि फाशी दिली तर हँग्ड लिहा, हंग भिंतीवरच्या फोटोला.