प्रथिनांच्या चित्रांतील फिती आणि बाण

प्रश्न : जीवशास्त्राच्या पुस्तकांत संगणकाने काढलेली प्रथिनांची चित्रे असतात. त्यांत गुंडाळलेल्या फिती, चपटे बाण आणि बारीक दोरे दिसतात. प्रथिनाचा रेणू खरोखर असाच असतो का? बाण कशासाठी काढतात?

उत्तर : रेणूत फीतही नसते आणि बाणही नसतो. असतात ते अणू, आणि तेही इतके खेटून बसलेले की सगळे दाखवले तर नुसता गोळा दिसावा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ले नावाच्या लहान रेणूंची साखळी. स्नायूंतील मायोग्लोबिन हे १५३ अमिनो आम्लांचे, म्हणजे तसे लहानच प्रथिन. तरी त्यात हजाराहून अधिक अणू आहेत. म्हणून बहुतेक अणू वगळून अमिनो आम्लांची साखळी कशी वळत जाते, एवढेच या चित्रात दाखवतात. साखळी मळसूत्रासारखी वळते तेथे गुंडाळलेली फीत येते. तिचे ताठ भाग, म्हणजे पदर, शेजारी-शेजारी येऊन हायड्रोजन बंधांनी (हायड्रोजन अणूमार्फत होणाऱ्या दुबळ्या जोडांनी) जोडले जातात तेथे बाण येतात. आणि उरलेली वळणे दोऱ्याने दाखवतात. पेशीत साखळी ज्या दिशेने तयार होते तीच बाणाची दिशा असते, त्यामुळे शेजारचे दोन पदर एकाच दिशेने जातात की उलट, हे तत्काळ कळते.

ही पद्धत रूढ केली ती जेन रिचर्डसन या अमेरिकी संशोधिकेने, १९८१ च्या सुमारास, आणि तीही हाताने रेखाटने करून. आज संगणक अणूंची स्थाने वाचून, कोणता भाग मळसूत्राचा आणि कोणता पदराचा हे ठरवून तेच काम क्षणात करतो.

मात्र फितींमधली मोकळी जागा रिकामी समजू नये. ती अमिनो आम्लांच्या न दाखवलेल्या बाजूच्या शाखांनी भरलेली असते, आणि प्रथिनाचे गुणधर्म बरेचसे त्यांवरच अवलंबून असतात. नंदुरबार, गडचिरोलीकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे उदाहरण घ्या. त्यात रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या साखळ्यांपैकी बीटा नावाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल असते. एवढ्या बदलाने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, पण निरोगी आणि सदोष साखळीची फितींची चित्रे शेजारी ठेवली तर ती जवळजवळ सारखीच दिसतात. फरक पाहायचा असेल तर त्या एका अमिनो आम्लाचे अणू चित्रात वेगळे काढावे लागतात.