टॉर्च तपासणीचा अहवाल आणि घरची मांजर

प्रश्न : मी एचआयव्हीबाधित असून मला पाचवा महिना सुरू आहे. तीन वर्षांपूर्वी एआरटी (एचआयव्हीवरची औषधे) सुरू झाली तेव्हा माझे सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचे प्रमाण) ८६ होते. आता ते ४१० आहे आणि व्हायरल लोडच्या (रक्तातील विषाणूंच्या) तपासणीत विषाणू आढळत नाही. इतर संसर्ग टाळण्यासाठीची कोट्रायमोक्साझोलची गोळी एआरटी केंद्राने गेल्या वर्षी बंद केली. आता टॉर्च तपासणीत (बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांसाठीची रक्ततपासणी) टोक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आले आहे. बाळाला धोका आहे का? सासूबाई घरची नऊ वर्षांची मांजर सोडून या म्हणतात; त्यांना माझ्या आजाराची कल्पना नाही.
— एक वाचक

उत्तर : टोक्सोप्लाझ्मा हा मांजरीच्या विष्ठेतून, तसेच कच्च्या मांसातून व मातीतून पसरणारा परजीवी. तुमच्या अहवालाचा अर्थ असा, की तो तुमच्या शरीरात पूर्वीच कधीतरी शिरलेला आहे (आयजीजी पॉझिटिव्ह) आणि ताज्या संसर्गाची खूण दिसत नाही (आयजीएम निगेटिव्ह). बाळाला मोठा धोका असतो तो गरोदरपणातच पहिल्यांदा संसर्ग झाला तर. तेव्हा बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा होऊ शकते. जुन्या संसर्गापासून बाळाला सहसा काही होत नाही. (आयजीजीपुढचा ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून रडत आलेल्या अनेक जणी मी पाहिल्या आहेत.)

एचआयव्हीमुळे यात एक भर पडते. हा परजीवी एकदा शिरला की स्नायूंत आणि मेंदूत सूक्ष्म गाठी करून आयुष्यभर दबून राहतो आणि सीडी४ शंभराच्या खाली गेल्यास पुन्हा जागा होऊन मेंदूला सूज आणू शकतो. अशा वेळी तो वारेतून बाळापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे आहेत, पण ती विरळा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही त्या उंबरठ्यावर होता, आज नाही. सीडी४ साडेतीनशेच्या वर टिकून राहिल्यावर कोट्रायमोक्साझोल थांबवतात, त्यामुळे केंद्राचा निर्णय योग्यच आहे. घरात उरलेल्या गोळ्या मनाने सुरू करू नका.

खरे लक्ष एआरटीकडे हवे. तुमच्या एआरटीच्या गोळीत डोल्युटेग्रॅविर हे औषध असेल (हल्ली बहुतेकांच्या असते), तर गरोदरपणातल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी तिच्यासोबत घेतल्याने ती अंगी नीट लागत नाही. एकतर या तिन्ही गोळ्या जेवणासोबत घ्याव्यात, नाहीतर एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. उलट्यांमुळे गोळी पडत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता समुपदेशकांना सांगा. न थांबणारी डोकेदुखी, ताप, अंगाच्या एका बाजूचा अशक्तपणा, धूसर दिसणे किंवा आकडी यांपैकी काही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मटण आणि खिमा पूर्ण शिजल्याशिवाय चवीलाही तोंडात टाकू नये, कोथिंबीर-मेथी भरपूर पाण्यात धुवावी आणि मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत.

मांजर सोडून देण्याची गरज नाही. मांजरीच्या विष्ठेतून हे परजीवी बाहेर पडतात ते बहुधा तिच्या पहिल्या संसर्गानंतरचे एक ते तीन आठवडे, आणि विष्ठा पडल्यावर त्यांना संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ती रोजच्या रोज, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी काढावी. मांजरीला कच्चे मांस घालू नये. सासूबाईंना एवढेच सांगा, की गरोदर बाईने मांजरीची घाण काढू नये असे डॉक्टर म्हणाले. हे प्रत्येक गरोदर स्त्रीला लागू आहे, त्यासाठी तुमच्या आजाराचा उल्लेख करावा लागणार नाही.