आधी ती शिडी परत कर

ताई,
सात महिन्यांपूर्वी आम्ही मध्यवस्तीतलं भाड्याचं घर सोडून इकडे उपनगरात स्वतःच्या घरात राहायला आलो. घर मोठं आहे, उजेड आहे, पण माणसं नाहीत. नवरा सकाळी सातला निघतो तो रात्री नऊला उगवतो. मी घरूनच काम करते. शेजारीपाजारी दारं लावून बसतात, लिफ्टमध्ये भेटले तरी नजर चुकवतात. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी आणि पार्किंग सोडून विषय नसतो. ओळखी व्हाव्यात म्हणून नव्याने आलेल्यांच्या मेळाव्यांनाही जाऊन आले. सगळे नंबर घेतात, फोन कुणीच करत नाही. घर तर अजून लागलेलंच नाही. आल्या आल्या पडदे लावायला शेजारच्या काकांकडून शिडी आणली होती, ती अजून बाल्कनीतच आहे, मी तिच्यावर कपडे वाळत घालते. परत जुन्या जागी जावं का?
– उपनगरातली उपरी

अगं बाई,

सात महिने! दुसऱ्याची शिडी, आणि तिच्यावर तुझे कपडे!

नवऱ्याच्या वेळा, बंद दारं, ग्रुपवरचं पार्किंग हे सगळं तू ऐसपैस लिहिलंस आणि शिडी एका वाक्यात उरकलीस, तीही घर लागलं नाही हे सांगण्यापुरती. मी मात्र तिथेच अडकले. इथे माणसं नाहीत म्हणतेस, मग शिडी दिली कुणी? तुझी धड ओळखही नव्हती तेव्हा एका माणसाने घरातली वस्तू काढून तुझ्या हातात ठेवली. परत कधी देणार, हेही विचारलं नसावं. विचारलं असतं तर ती तक्रार या पत्रात नक्की आली असती.

आता जरा त्या काकांच्या बाजूने बघ. सात महिन्यांत त्यांच्याकडचा एखादा बल्ब गेलाच असेल, माळ्यावरून काहीतरी काढायचं असेल. शिडी तुझ्या बाल्कनीत. मागायला यावं तर एवढ्याशा गोष्टीसाठी दार वाजवलं असं दिसतं, म्हणून येत नाहीत. स्टुलावर चढून भागवत असतील. आणि लिफ्टमध्ये तू समोर आलीस की त्यांनी बघायचं कुठे? तुझ्याकडे बघितलं तर शिडी मागितल्यासारखं होतं, म्हणून बिचारे मजल्यांचे आकडे बघत उभे राहतात. त्याला तू माणूसघाणेपणा म्हणतेस. मला तो सरळ भिडस्तपणा दिसतो.

आणि खरं सांग, नजर आधी कुणी चुकवली? पहिल्या आठवड्यात शिडी द्यायची राहिली तेव्हा त्यात काहीच नव्हतं. महिन्याने जरा ओशाळल्यासारखं झालं. मग आता इतक्या उशिरा घेऊन गेले तर काय म्हणतील, म्हणून राहूच दे. शेवटी ती तुला शिडी म्हणून दिसायचीच बंद झाली. असं कुणाचंही होतं, मान्य. पण त्याचं खापर अख्ख्या उपनगराच्या डोक्यावर फोडू नकोस.

तुझ्या मेळाव्यांचं मला फारसं कौतुक नाही. कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांचा २०१८ सालचा अभ्यास सांगतो की नुसत्या ओळखीचा माणूस जुजबी का होईना, मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात. जिवलग व्हायला २०० च्या वर. दर खेपेला नव्या घोळक्यात दोन तास काढलेस तर ते कुणाबरोबरच साठत नाहीत. साठतात ते जाता-येता, रोज त्याच त्या माणसाशी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटीने विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरं बांधली होती. तिथे राहणाऱ्यांचं जास्तीत जास्त येणंजाणं कुणाशी आहे, हे लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विचारलं आणि १९५० मध्ये छापलं. लगतच्या दाराचं नाव ४१ टक्के वेळा आलं. त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाचं फक्त १० टक्के. अंतर किती, तर चार दारांचं! तू मात्र लगतचं दार सोडून गावभर माणसं शोधत फिरतेयस.

बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात एक किस्सा सांगितलाय. विधिमंडळातला एक सदस्य त्याच्या विरोधात होता. त्याची मनधरणी न करता फ्रँकलिनने त्याच्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागितलं. त्याने ते लगेच पाठवलं. आठवड्याभराने फ्रँकलिनने मनापासून आभाराची चिठ्ठी लिहून ते परत केलं. पुढच्या भेटीत तो गृहस्थ पहिल्यांदाच आपण होऊन बोलला, आणि त्यांची मैत्री त्याच्या मरणापर्यंत टिकली. मदत मागितली की माणूस जवळ येतो, हे पटवायला लोक हा किस्सा सांगतात. मला त्यातला तो आठवडा जास्त मोलाचा वाटतो. मागायचं काम तू केव्हाच केलंस. परत करायचं तेवढं राहिलंय.

तेव्हा येत्या शनिवारी सकाळी शिडी पुसून घे, पायऱ्यांना चिकटलेले चिमटे काढ आणि स्वतः घेऊन जा. नवऱ्याला पाठवायचं नाही. वॉचमनच्या हाती द्यायची नाही. दाराबाहेर टेकवून ग्रुपवर ‘काका, शिडी ठेवली आहे’ असा मेसेज टाकलास तर पुन्हा मला पत्र लिहू नकोस. बेल वाजव आणि म्हण, ‘काका, सात महिने झाले, चुकलंच माझं.’ एवढंच. घर लावण्याची धांदल, कामाचा व्याप, काही सांगत बसू नकोस. ते म्हणतील, ‘अहो, असू दे, आम्हाला कुठे लागते!’ ते खोटं असेल. तू हसून ऐकून घे.

आणि तिथेच, उभ्या उभ्या, ड्रिल माग. बाल्कनीत वाळणीची दोरी बांधायला हुक मारायचेत म्हणून सांग. त्यांच्याकडे नसेल तर कुणाकडे आहे ते विचार. ते त्यांना नक्की ठाऊक असेल. वर हात पोचायला शिडी पुन्हा लागणारच, तीही माग. आत्ता परत केलेली वस्तू आत्ताच मागायची लाज वाटेल. वाटू दे, काकांना हसू येईल. बहुतेक भिंत कुठे पोकळ आहे आणि तारा कुठून गेल्यात हे दाखवायला ते स्वतःच येतील, कारण ती माहिती असलेला माणूस गप्प बसत नाही. आले तर घाई करू नकोस, कामाची मीटिंग असेल तर पुढे ढकल. जुन्या जागी परत जायचं की नाही, ते दोरी बांधून झाल्यावर बघू.

फक्त दोन्ही वस्तू त्याच दिवशी संध्याकाळच्या आत त्यांच्या घरी पोचल्या पाहिजेत.