तंत्रप्रश्न : नव्या साइटची कामांची यादी आपोआप कशी तयार करावी?

प्रश्न : दादरच्या ज्या कार्यालयात मी काम करते, तिथे घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे घेतली जातात. प्रत्येक नव्या साइटसाठी ट्रेलोवर (कामांची कार्डे बोर्डावर मांडणारे ॲप) 60 ते 65 कामे मी हाताने भरते. सोसायटीच्या परवानगीपासून शेवटच्या साफसफाईपर्यंत बहुतेक कामे तीच असतात, तारखा तेवढ्या बदलतात. मागच्या साइटवर डेब्रिज उचलण्याची नोंद राहून गेली आणि पोती तीन दिवस जिन्यात पडून होती. ही यादी स्क्रिप्टने तयार करता येईल का? मला जावास्क्रिप्ट जुजबी येते.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नक्कीच करता येईल, आणि तुम्हाला येते तेवढी जावास्क्रिप्ट पुरेशी आहे, कारण गूगल शीट्ससोबत मिळणारी ॲप्स स्क्रिप्ट त्याच भाषेत लिहिली जाते. मात्र कामांची नावे स्क्रिप्टमध्ये लिहू नका. ती शीटमध्येच असू द्या, म्हणजे एखादे काम वाढवायचे झाल्यास सुपरवायझरलाही ते वाढवता येईल आणि त्यासाठी तुमची वाट पाहावी लागणार नाही.

शीटमध्ये कामाचे नाव, जबाबदार व्यक्ती आणि साइट सुरू झाल्यापासून कितवा दिवस, असे रकाने ठेवा. त्यांच्या जोडीला आणखी एक रकाना हवाच : हे दिवस कामाचे मोजायचे की कॅलेंडरचे? सुतारकाम रविवारी बंद असते. पण वॉटरप्रूफिंगनंतर बाथरूममध्ये पाणी साठवून गळती तपासतो, ते पाणी रविवारीही तिथेच असते. कामाच्या दिवसांसाठी शीट्समधील ‘वर्कडे.इंटल’ हे सूत्र वापरा. त्यात 11 हा आकडा दिला की फक्त रविवार वगळला जातो आणि सुट्ट्यांची यादी वेगळी जोडता येते. त्या यादीत गणपतीचे दिवस आवर्जून घाला. कोकणातले कारागीर गावी गेले की वेळापत्रक कागदावरच राहते.

आता स्क्रिप्टकडे वळू. ती एकेक ओळ वाचून ‘यूआरएलफेचॲप’ या वेबवर विनंती पाठवणाऱ्या सोयीमार्फत ट्रेलोच्या एपीआयला (बाहेरच्या स्क्रिप्टने ट्रेलोशी बोलण्याचे दार) नवे कार्ड करण्याची विनंती पाठवते आणि उत्तरात त्या कार्डाचा आयडी मिळतो. हा आयडी त्याच ओळीतील शेवटच्या रकान्यात लगेच लिहून घ्या व त्यापाठोपाठ ‘फ्लश’ करा, म्हणजे ती नोंद शीटमध्ये लगेच पक्की होईल. ज्या ओळीत आयडी आधीच आहे, ती ओळ स्क्रिप्टने सोडून द्यावी. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ॲप्स स्क्रिप्टची एक फेरी साधारण 6 मिनिटांनंतर थांबवली जाते, नेटही मध्येच तुटते, आणि अशा वेळी माणूस साहजिकच पुन्हा बटण दाबतो. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये ही तजवीज नव्हती. दुसऱ्यांदा चालवल्यावर प्रत्येक काम दोनदा उमटले आणि कोणत्या कार्डावर सुतारांनी शेरे लिहिले आहेत, हे एकेक कार्ड उघडून पाहण्यात माझी अख्खी दुपार गेली. दोघांनी एकाच वेळी बटण दाबण्याची शक्यता असेल, तर एका वेळी एकच फेरी चालू देणारी ‘लॉकसर्व्हिस’ही वापरा.

तारखांची एक खोच आहे. शीटमधील तारीख म्हणजे भारतीय वेळेनुसार त्या दिवसाची मध्यरात्र, आणि युटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, तीच वेळ आदल्या दिवशीची 18:30 असते. तारीख युटीसीनुसार मजकुरात बदलणारे ‘टूआयएसओस्ट्रिंग’ वापरून त्यातला तारखेचा भाग तेवढा कापून घेतला, तर प्रत्येक मुदत एक दिवस अलीकडे सरकते. त्यापेक्षा तारखेला संध्याकाळी 6 ची वेळ जोडा आणि मग पूर्ण वेळ पाठवा.

शीटमध्ये काही बदलले की आपोआप चालणारा साधा ‘ऑनएडिट’ ट्रिगर इथे उपयोगाचा नाही, कारण त्याला बाहेरच्या सेवेशी बोलण्याची परवानगी नसते. शीट उघडताच चालणाऱ्या ‘ऑनओपन’मधून शीटच्या वर स्वतःचा मेनू तयार करा आणि तिथून स्क्रिप्ट चालवा, यादी कधी तयार करायची हे माणसाने ठरवलेलेच बरे. ट्रेलोची की आणि टोकन (स्क्रिप्टला तुमच्या खात्यात प्रवेश देणारे गुप्त संकेत) शीटच्या कोणत्याही चौकटीत लिहू नका, कारण ते शीट उद्या कंत्राटदारालाही पाठवले जाईल. दोन्ही ‘स्क्रिप्ट प्रॉपर्टीज’ या स्क्रिप्टच्या स्वतःच्या साठवणीत ठेवा, मात्र शीट संपादित करण्याचा हक्क ज्याला दिला आहे, त्याला तीही पाहता येतात, म्हणून बाहेरच्यांना केवळ पाहण्याचा हक्क द्या.

पहिली चाचणी रिकाम्या बोर्डावर घ्या. शीटमध्ये तीनच ओळी ठेवा, त्यांपैकी एक पाणी साठवण्याची असू द्या, आणि स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी एकही नवे कार्ड दिसता कामा नये.