‘प्रभूने मला दाखवलं’ म्हटल्यावर आपण काय बोलायचं?

प्रश्न: जय ख्रिस्त ताई. मी २४ वर्षांची आहे, सदरला राहते, आमच्या युवा संघात कीबोर्ड वाजवते. मला पुण्याच्या एका कंपनीची ऑफर आली आहे आणि इथे मिहानमध्येपण एका ठिकाणी होईल असं वाटून राहिलं. शुक्रवारच्या प्रार्थनेत हा विषय ठेवला तर आमच्यातला एक दादा प्रार्थना करता करता म्हणाला की प्रभूने मला दाखवलं, तू नागपूर सोडू नको. सगळे आमेन म्हणाले. आता मी गेली तर देवाची आज्ञा मोडली असं होईल का? आणि मलाच का नाही काही ऐकू आलं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: जय ख्रिस्त बाळा. आधी ते आमेन बाजूला ठेव, अर्धे आमेन आपण सवयीनेच म्हणतो.

दादा खोटं बोलला असं मी म्हणत नाहीये. त्याला खरंच तसं वाटलं असेल, आणि तू गेलीस तर कीबोर्डवर कोण बसणार ही काळजीपण त्यातच मिसळली असेल, आपल्या मनात या गोष्टी वेगवेगळ्या डब्यात थोड्याच असतात. म्हणून तर प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं (१ करिंथ १४:२९) की संदेश देणाऱ्यांनी दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारख करावी. तुमच्याकडे बोलणं झालं, पारख राहिली. आणि पारख करा म्हणणं म्हणजे दादाचा अपमान नाही, हे त्यालाही सांगा.

बायबलमधला म्हातारा याजक एली आठव. देवाची हाक ऐकून, एलीच बोलावतोय असं वाटून लहान शमुवेल रात्री तीनदा उठून त्याच्याकडे धावला, तर एलीने काय केलं? देव काय म्हणत असेल ते स्वतः सांगत बसला नाही. जाऊन नीज, पुन्हा हाक आली तर ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ असं म्हण, बस एवढंच. संदेश तर शेवटी एलीच्याच घराविरुद्ध निघाला! ग्रुपचं काम एलीचं आहे, तुझ्या वाट्याचं ऐकणं तुलाच करायचं आहे.

ऐकू आलं नाही म्हणतेस, तर प्रेषितांची कृत्ये १५ वाच. पहिल्या मंडळीच्या यरुशलेमच्या सभेत आकाशवाणी वगैरे काही नाही, भरपूर वादविवाद झाला, लोकांनी अनुभव सांगितले, शास्त्र काढलं आणि मग पत्रात लिहिलं की ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला’ योग्य वाटलं. तो ‘आम्हाला’ मला फार आवडतो.

आता करायचं काय. जेसुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला कॅथलिक असला तरी त्याची युक्ती आपल्याला चालते. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला, पडल्या पडल्या तो दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं बघायचा, मजा यायची पण नंतर मन कोरडं व्हायचं, आणि संतांसारखं जगावं असा विचार केला की ते समाधान नंतरही टिकायचं. तो हा मागे उरणारा परिणाम बघायला शिकला. तूपण दोनतीन दिवस पुण्याला जायचं ठरलंच आहे असं समजून प्रार्थना कर, रूमचं भाडं, रविवारी चर्च कोणतं, आईला फोन कधी, सगळं मनात आण, मग तेवढेच दिवस थांबायचं ठरलंय असं समज. रोज रात्री दोन ओळी लिही. नुसता उत्साह आणि नुसती भीती मोजू नकोस, ते ओसरल्यावर काय उरतं ते लिही. त्याचंच अजून एक सांगणं, मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही.

मग चारपाच जणांना बोलव, दादालाही बोलव, आणि ग्रुपबाहेरचं एखादं जाणतं माणूस हवंच. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची यासाठी एक पद्धत आहे, बसलेल्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला बंद, ‘माझ्या मावशीच्या मुलीचंपण अस्संच झालं’ तर एकदम बंद. पगार सारखा असता तर काय केलं असतंस? इथून कशापासून पळते आहेस का? घरी तुझ्यावर कोण अवलंबून आहे? मधेमधे गप्प बसायचं. आपल्या लोकांना हेच सगळ्यात जड जातं, दोन मिनिटं शांतता झाली की कोणीतरी गाणं सुरू करतंच.

वेळ लागला तर लागू दे. सहा मंडळ्या मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली ती आपल्याच नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० ला, आणि बोलणी १९२९ पासून चालू होती. तुझा एचआर एवढं थांबणार नाही म्हणा, पण आठवडाभर तर मागून घे. आणि एवढं सगळं करून पुण्याला गेलीस तर आज्ञा मोडली वगैरे काही नाही, बिनधास्त जा.

प्रश्न: मला सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना करता येत नाही, अडखळलो की पोरं हसतात.
– एक वाचक, कामठी रोड

उत्तर: स्तोत्रसंहितेतल्या दोन ओळी वाच आणि आमेन म्हण, तीही पूर्ण प्रार्थनाच आहे. लीडरला सांग, पुढच्या शुक्रवारी सुरुवात हसणाऱ्यांपासून करा.