लिनक्सवरच्या इथरकॅट मास्टरला सायक्लिकटेस्ट चांगली असूनही दर मिनिटाला सिंक एरर का येतो?

तुमची अडचण थोडक्यात अशी: कुपवाड एमआयडीसीत हळद पॅकिंगचं मशीन, चार सर्वो (अचूक हलणाऱ्या मोटरी, प्रत्येकीला एक ड्राइव्ह), प्रीएम्प्ट-आरटी (वेळ काटेकोर पाळणाऱ्या) लिनक्स कर्नलवर इथरकॅट मास्टर (ड्राइव्हना नेटवर्क केबलवरून दर सायकलला हुकूम पाठवणारा पीसीवरचा प्रोग्राम), सायकल १ मिलिसेकंदाची. सायक्लिकटेस्टमध्ये (पीसीवरचा प्रोग्राम ठरल्या वेळी जागा होतो का, हे मोजणारं साधन) कमाल लेटन्सी (जाग यायला झालेला उशीर) ३० मायक्रोसेकंदांच्या आत, तरीही साधारण ५० सेकंदांनी कुठलातरी ड्राइव्ह ००१ए (सिंक एरर) कोड देऊन ऑपरेशनलमधून (चालू अवस्थेतून) खाली येतो. ड्राइव्ह आणि केबल बदलून झालं.

ड्राइव्ह बदलून काही होणार नव्हतं. दोष ठरावीक अंतराने येतोय, यातच उत्तर आहे. यूस्लीप (‘इतका वेळ थांब’) काढून क्लॉक_नॅनोस्लीपला (‘अमुक वेळी ऊठ’) अ‍ॅब्सोल्यूट वेळ दिलीत ते बरोबरच, पण त्याने जिटर (प्रत्येक सायकलचं थोडं मागेपुढे होणं) आटोक्यात येतो, ड्रिफ्ट (दोन घड्याळांचं हळूहळू सरकत जाणं) नाही. तुमचा पीसी स्वतःच्या क्रिस्टलवर १ मिलिसेकंद मोजतो आणि ड्राइव्हचा सिंक-झिरो (दर सायकलला ड्राइव्हला मिळणारा वेळेचा ठोका) पहिल्या डीसी स्लेव्हच्या (डीसी म्हणजे इथरकॅटची सामाईक घड्याळाची सोय, स्लेव्ह म्हणजे मास्टरला जोडलेलं उपकरण) घड्याळावर चालतो. दोघांत २० पीपीएमचा (दहा लाखांत २०) फरक असला तरी सेकंदाला २० मायक्रोसेकंद सरकतात, म्हणजे ५० सेकंदांत अख्खी एक सायकल. सरकत सरकत फ्रेम (मास्टरने पाठवलेलं डेटाचं पाकीट) सिंक-झिरोवर येऊन टेकली की थोड्याशा जिटरनेही एका सायकलमध्ये दोन फ्रेम पडतात आणि पुढची कोरी जाते. ड्राइव्ह त्यावरच ओरडतो.

उपाय म्हणजे पीसीने ड्राइव्हच्या घड्याळामागे जायचं. डीसी वेळेचा डेटाग्राम (फ्रेममधला एक तुकडा; रजिस्टर ०९१०) दर सायकलच्या फ्रेममध्ये जातच असेल; परत आलेल्या वेळेला १०,००,००० नॅनोसेकंदांनी भागून बाकी घ्या. ही झाली फेज. फ्रेम सिंक-झिरोच्या ५०० मायक्रोसेकंद आधी पोचावी असं लक्ष्य ठेवा. फेजमधून लक्ष्य वजा केलं की एरर मिळतो. तो अर्ध्या सायकलपेक्षा मोठा आला तर एक सायकल वजा करा, उणे अर्ध्याच्या खाली गेला तर मिळवा. मग:

पुढची जाग = मागची ठरलेली जाग + १०,००,००० − एरर/१००

‘मागची ठरलेली’ म्हणजे ठरलेलीच. तिथे ‘आत्ताची वेळ’ घातलीत तर प्रत्येक उशीर साठत जातो.

बरेच जण इथे लगेच इंटिग्रल (साठत गेलेल्या एररवरून होणारी जादा दुरुस्ती) जोडतात. मला तरी सुरुवातीला त्याची गरज वाटत नाही. २० पीपीएम म्हणजे सायकलमागे २० नॅनोसेकंद, तेवढी दुरुस्ती करायला एरर २ मायक्रोसेकंदांवर स्थिरावतो. ५०० मायक्रोसेकंदांच्या मार्जिनपुढे तो काहीच नाही. लॉक व्हायला सेकंदभर पुरतो. तोवर ड्राइव्हला ऑपरेशनलमध्ये नेऊ नका.

लूपमधला क्रमही बघा. जाग आल्यावर आधी गणित आणि मग फ्रेम, असं असेल तर गणित जितकं कमीजास्त तितकी फ्रेम मागेपुढे होते. मागच्या सायकलला काढलेलं आउटपुट जाग येताच पाठवा, गणित नंतर. एक सायकल उशीर होतो हे खरं. फिल्म मिनिटाला ३० मीटर असेल तर तो अर्धा मिलिमीटर, पण त्या वेगाला कायम तेवढाच, म्हणून आय-मार्कच्या (फिल्मवरची छापील खूण, जी सेन्सर वाचतो) ऑफसेटमध्ये बसवता येतो. तारेवरच्या वेळेची चिंता नको: १०० मेगाबिटवर १५१८ बाइटची पूर्ण फ्रेमही १२३ मायक्रोसेकंदांत जाते, तुमची तर त्याच्या जवळपासही नसेल.

घड्याळ क्लॉक_मोनोटॉनिकच (उडी न मारता पुढे जाणारं) घ्या. क्लॉक_रिअलटाइमने एनटीपीमुळे (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा) उडी मारली की सायकल तिथेच तुटते. इथटूलने आरएक्स-यूसेक्स (आलेली फ्रेम कळवायला नेटवर्क कार्ड किती थांबतं ते) ० करा, बायोसमधून खोल सी-स्टेट (सीपीयूची गाढ झोप) बंद करा. आणि हो, हळदीची भुकटी पीसीच्या फॅनमध्ये चिकटून बसते. सीपीयू तापून थ्रॉटल झाला (आपोआप मंदावला) की सकाळी घेतलेल्या ३० मायक्रोसेकंदांना दुपारी अर्थ उरत नाही. सायक्लिकटेस्ट मशीन चालू असताना, भर दुपारी, निदान तासभर चालवा.

बदल केल्यावर फेज तासभर लॉग करून आलेख काढा. रेघ सपाट हवी. करवतीचे दात दिसले तर दुरुस्ती लागूच होत नाहीये. फेज लक्ष्यापासून लांब पळून अर्ध्या सायकलवर अडकली तर चिन्ह उलटं आहे. रेघ सपाट असूनही ००१ए आला, तर ड्राइव्हच्या १सी३२ ऑब्जेक्टमध्ये (सिंकच्या सेटिंगचा तक्ता) सबइंडेक्स २ वाचा: सायकल टाइम १०,००,००० नॅनोसेकंदच दिसायला हवा.